मोठा मासा पाण्यातच राहू द्यावा

समुद्रातले मासे टिकवायचे तर लहान मासे पकडू नयेत, हे आपण सगळेच जाणतो. जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले भोक, मोठा ठेवला की पिल्ले निसटतात, वाढतात, एकदा तरी अंडी घालतात आणि त्यानंतर जाळ्यात आली तरी चालते, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. मलाही तो अनेक वर्षे पुरेसा वाटत होता. मोठ्या माशाचे काय, हा प्रश्न मात्र मला काही जुन्या छायाचित्रांविषयी वाचेपर्यंत पडला नव्हता.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात की वेस्ट नावाचे बेट आहे. हौशी लोकांना बोटीने मासेमारीला नेण्याचा व्यवसाय तेथे चालतो आणि परतल्यावर सर्वांत मोठे मासे फळीला टांगून त्यांच्याशेजारी फोटो काढून घेतला जातो. लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो जमवून त्यांतल्या माशांची मापे काढली. सुरुवातीच्या काळात माशाचे सरासरी वजन १९.९ किलो भरत होते. शेवटी ते २.३ किलोवर आले होते. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे समाधान मात्र जराही उणावलेले नव्हते, कारण आपल्याआधी त्याच फळीला काय टांगले जात होते हे त्यांना ठाऊकच नव्हते. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला समुद्र हाच मूळ समुद्र धरून चालते, असे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये लिहिले होते. गंमत म्हणजे त्यांचा रोख मच्छीमारांवर नव्हता, मत्स्यशास्त्रज्ञांवर होता.

मोठा मासा गेला म्हणजे नेमके काय गेले, हे गाबोळीत कळते. दहा किलोंची एक मादी आणि दोन-दोन किलोंच्या पाच माद्या सारखीच अंडी देतील, असे आपण मनात धरतो, पण तसे घडत नाही. माशाचे वजन वाढते त्याहून अधिक वेगाने अंड्यांची संख्या वाढत जाते. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अटलांटिक कॉड या थंड समुद्रातल्या माशाचा दाखला आहे: तीस किलोंची एकटी मादी दोन किलोंच्या अठ्ठावीस माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, आणि त्या अठ्ठावीस जणींचे एकत्रित वजन छप्पन किलो होते. शिवाय प्रश्न केवळ संख्येचा नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काळ्या रॉकफिशमध्ये वयस्क मातांची पिल्ले पोटात तेलाचा मोठा थेंब घेऊन जन्मतात, तरुण मातांच्या पिल्लांपेक्षा झपाट्याने वाढतात आणि उपासमारीतही अधिक दिवस तग धरतात. एखाद्या वर्षी पाण्यात खाद्य उशिरा आले, तर त्या वर्षीची पिढी या तेलाच्या थेंबावर निभावते.

जाळ्याचा आस या बाबतीत नेमके उलटे काम करतो. तो धाकट्यांना सोडतो आणि थोरल्यांना अडकवतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉडची कथा सर्वश्रुत आहे: १९६८ मध्ये आठ लाख टनांवर गेलेली मासेमारी २ जुलै १९९२ रोजी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. तिच्यातला एक तपशील क्वचितच सांगितला जातो. शेवटच्या वर्षांत तिथले कॉड पूर्वीपेक्षा लहान वयात आणि लहान आकारात अंड्यावर येऊ लागले होते.

मग मोठा मासा सोडायचा कसा? जाळ्यातून तो वेगळा काढणे अवघड, कारण खोल पाण्यातून वेगाने वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडून दिला तरी तो बहुधा जगत नाही. तिथे समुद्राचा एखादा तुकडाच बंद ठेवणे हा उपाय उरतो. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो येथे मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांनीच पुढाकार घेतला, १९९५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचे एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढले.

पिंजरा लावून पकडलेला प्राणी मात्र जिवंत हाती येतो, आणि म्हणूनच मला अमेरिकेतल्या मेन राज्याचे शेवंडीचे मच्छीमार अधिक जवळचे वाटतात. ही शेवंड मोठ्या नांग्यांची असते. मच्छीमार डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत मोजपट्टी लावतो. माप सव्वातीन इंचांहून कमी भरले तर शेवंड पाण्यात आणि पाच इंचांहून जास्त भरले तरीही पाण्यात. पोटाखाली अंडी चिकटलेली मादी आली की तो तिच्या शेपटीच्या एका पाकळीला त्रिकोणी खाच पाडतो आणि तिला सोडतो. पुढच्या खेपेला तिच्या पोटाखाली अंडी नसली, तरी ती खाच पाहून दुसऱ्या मच्छीमारालाही तिला सोडावेच लागते. कात टाकताना खाच बुजत जाते. मग ती मादी अंड्यांसह सापडली की खाच पुन्हा पाडायची. आपण राखलेली मादी उद्या कोणाच्या पिंजऱ्यात जाईल हे ठाऊक नसताना ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे, आणि मला त्याचे कायद्यापेक्षा अधिक अप्रूप आहे.

अर्थात तिथल्या भरभराटीचे सगळे श्रेय त्या खाचेला देणे बरोबर नाही. शेवंडीची पिल्ले खाणारे कॉड संपले होते आणि पाण्याचे वाढते तापमानही काही काळ शेवंडीच्या पथ्यावर पडले. शेवंडीच्या पकडीचा २०१६ मधला उच्चांक ओसरला आणि पिल्लांची संख्या घटू लागली, तेव्हा किमान माप एक सोळांश इंचाने वाढवण्याचा प्रस्ताव आला. शेजारच्या कॅनडात लहान माप चालत असताना आम्हीच का थांबावे, असा सवाल करत मच्छीमारांनी कडाडून विरोध केला आणि २०२५ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. मादीला खाच पाडणारे हात आणि हा विरोध करणारे हात एकच होते.