उदयनगरची वारी आणि माझी हिशोबाची वही

आमच्या हरेगावला सप्टेंबरमधे मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मारियेची यात्रा भरते, लांबलांबून लोकं पायी येतात, आई मला कडेवर घेऊन चालायची, त्यामुळे देवाकडे जायचं म्हणजे पायी जायचं हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. लग्न होऊन इंदूरला आले त्याला एकोणीस वर्षं झाली, पण इथली वारी पहिल्यांदा यंदाच केली. इंदूर ते उदयनगर, आदिवासींसाठी काम करताना मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारियांच्या समाधीपर्यंत. २५ फेब्रुवारी हा त्यांच्या मरणाचा दिवस. मोठा कार्यक्रम वगैरे काही नव्हता, आमच्या ओळखीतलेच चौदा जण, एक सिस्टर, माझी जाऊ, आणि अडुसष्ट वर्षांच्या आत्या, ज्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या.

खरं सांगते, मी मागायला निघाले होते.

ह्यांची लोडिंग गाडी होती, मागच्या वर्षी जूनमधे अपघात झाला, पायात रॉड टाकला, गाडी गेली, आणि ऑपरेशनसाठी मी दीड लाख रुपये व्याजानं उचलले, चार रुपये शेकडा, म्हणजे महिन्याला सहा हजार फक्त व्याज. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, सीझन असला तर बरं, नाहीतर सहा हजार काढताना जीव जातो. मुद्दल तसंच्या तसं. हे सगळं मी एका वहीत लिहीत होते, रोज रात्री, आणि कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. ह्यांना वाटायचं माझ्या भावानं दिले पैसे.

तर मी देवाला सांगितलं होतं की मी तीन दिवस अनवाणी चालते, तू माझं हे कर्ज उतरव. असा सरळ सौदा. आणि ती वही पण पिशवीत टाकून घेतली, सहाशे चाळीस रुपये बरोबर घेतले, आणि रस्त्यात किती खर्च होतोय ते लिहायला एक कोरं पान काढून ठेवलं.

पहिल्या दिवशी इंदूरच्या बाहेर पडेपर्यंतच माझे तळपाय भाजून निघाले. फेब्रुवारी असला तरी दुपारी डांबर तापतंच. आत्या मागे वळून बघेनात, जपमाळ चालू, आणि मी आपली पाय उचलत नेत होते. कंपेलच्या आधी एका शेतावर एक बाई हरभरा उपटत होती, तिनं विचारलं कहाँ जा रहे हो, सिस्टरांनी सांगितलं, तर तिनं डहाळ्यांचा हा एवढा मोठा भारा आमच्यापुढे टाकला आणि नवऱ्याला हाक मारली, त्यानं बांधावरच जाळ करून घाटे भाजून दिले. हात काळे, तोंडं काळी. पैसे द्यायला गेले तर ती बाई अक्षरशः रागावली. पुढे एका घरी ताक मिळालं, तांब्याभर, त्यावर जिरं टाकलेलं. रात्री एका शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो तर शेजारच्या घरातून मक्याच्या रोट्या आल्या, लसणाची चटणी, आणि त्या घरच्या आजीनं माझे पाय बघून न विचारता तेल-हळद गरम करून आणली आणि म्हणाली कल से चप्पल पहन, भगवान तेरे छाले नहीं गिनता.

ती ख्रिस्ती नव्हती. पण मला रात्रभर झोप नाही आली त्या वाक्यानं. मी तर फोडच मोजत होते ना. इतके फोड, इतकी मैलं, म्हणजे इतकं माफ. सकाळी जावेनं तिच्या जादा चपला काढून दिल्या आणि मी घातल्या.

दुसऱ्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही, चालणं, पाणी, चालणं, जंगल लागलं आणि पळस फुलला होता, तो बघून मात्र सगळे गप्प झाले. नाचनबोरला पोचलो. १९९५ साली याच रस्त्यावर सिस्टर राणी मारिया बसनं इंदूरला निघाल्या होत्या, त्यांना बसमधून ओढून काढलं आणि भोसकलं, अंगावर ५४ जखमा. ४१ वर्षांच्या होत्या. का मारलं, तर त्या १९९२ ला उदयनगरला आल्या आणि आदिवासींना सांगायला लागल्या की सावकाराकडे जाऊ नका, बँकेतून कर्ज मिळतं, सरकारी योजना आहेत, तुमचा तो हक्क आहे. सावकारांचं नुकसान व्हायला लागलं. हे मला आधी माहीत होतं, चर्चमधे दर वर्षी ऐकते, २०१७ ला इंदूरला त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा तर मी मैदानात होते. पण तेव्हा माझ्यावर कर्ज नव्हतं. आता त्या जागी मेणबत्ती लावताना पिशवीतली वही मला अशी जड लागली की काय सांगू.

तिथं आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. आमच्या बरोबरच्या सिस्टर म्हणाल्या, बायबलमधे मत्तयच्या शुभवर्तमानात या प्रार्थनेत 'ऋण' असा शब्द आहे, आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं तसं तू आमचं सोड. आणि मग त्यांनी सांगितलं, ज्यानं मारलं त्याला राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मींनी, २००२ मधे जेलमधे जाऊन राखी बांधली, घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि तो २००६ ला सुटला. आत्या रडत होत्या. मी पण, पण माझं कारण वेगळं होतं. मी देवाला सावकार समजून बसले होते इतके दिवस. तो व्याज लावून बसलाय, मी हप्ता भरतेय, चुकला की दंड. आणि ज्या बाईच्या समाधीला मी चालले होते तिनं सावकारीविरुद्धच जीव दिला होता.

उदयनगरला समाधीपाशी गेल्यावर मला काही मागताच आलं नाही. नुसती हात ठेवून बसले. नंतर जेवणाच्या वेळी एक म्हातारी आदिवासी बाई शेजारी बसली, ती सांगत होती की तिच्या बापाची जमीन थोड्याशा धान्यापायी गहाण गेली होती, दर वर्षी फेडायचं आणि दर वर्षी तेवढंच बाकी. बोलता बोलता तिनं माझ्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, तेरा कितना बाकी है, बेटी? कसं ओळखलं काय माहीत. मी सांगितलं. पहिल्यांदा तोंडानं आकडा बोलले, दीड लाख, आणि जाऊ समोर बसलेली, तिच्या हातातला घास तसाच राहिला.

मला वाटलं आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "ताई, नऊ महिने एकट्या?"

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, दुष्काळात त्यानं सारफथच्या एका विधवेकडे भाकर मागितली, तिनं होतं त्यातून दिली आणि मडक्यातलं पीठ संपलं नाही आणि कुपीतलं तेल आटलं नाही. लहानपणी मला वाटायचं मडकं एकदम काठोकाठ भरलं असेल. पण तसं कुठं लिहिलंय, मूठभरच होतं, फक्त दुसऱ्या दिवशी परत मूठभर होतं. आणि तिला आधी एलीयाला सांगावं लागलं की बाबा माझ्याकडे एवढंच उरलंय. हे सांगणं मी कधी केलंच नव्हतं, ना माणसांना ना देवाला, देवाला तर मी फक्त अटी सांगितल्या.

परत बसनं आलो. कर्ज आहे अजून, चमत्कार झाला आणि पैसे आले असं काही नाही. जावेनं चर्चमधल्या बायकांच्या बचत गटात विषय काढला, त्यांनी चाळीस हजार दिले, शेकडा एक रुपयानं, ते मुद्दलात भरले, बाकीच्यासाठी सिस्टर मला बँकेत घेऊन जाणार आहेत पुढच्या सोमवारी. ह्यांना पण सांगितलं सगळं. चिडले आधी, मग उठून कुबडी घेऊन बाहेर जाऊन बसले, मग आत आले.

वारीतल्या खर्चाचं पान त्यांना दाखवलं. सहाशे चाळीसमधले फक्त बसचे आणि तीस रुपये मलमाचे गेलेले, बाकी पान रिकामं होतं म्हणून मी त्यावर मिळालेलं लिहून काढलं होतं, डहाळे, ताक तांब्याभर, रोट्या, तेल-हळद, चपला. ह्यांनी वाचलं, पेन मागितला, आणि खाली लिहिलं, धाकट्या वहिनीचा डबा, रोज संध्याकाळी, जूनपासून. मग थांबून विचारायला लागले, अगं, हॉस्पिटलमधे रक्त दिलेला तो पोरगा कोण होता?