कर्मेलचा चर, इज्रेलचा खंदक: बायबलमधली खोदकामं पाहण्याचा चार दिवसांचा मार्ग

खंदक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नगरचा भुईकोट नाहीतर देवगिरीचा कातळात कोरलेला खंदक येतो. तेच चित्र डोक्यात धरून बायबलमधल्या जागा बघायला निघालं की पहिल्याच मुक्कामी गोंधळ होतो. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात संदेष्टा एलीयाच्या वेदीभोवतीचा खळगा, शौल राजाच्या छावणीचं कडं, वेढा पडलेल्या गावाच्या तटाबाहेरची बांधणी आणि लूकच्या शुभवर्तमानात यरुशलेमभोवती शत्रू घालणार असलेला वेढा या चारही गोष्टींना 'ट्रेंच' हा एकच शब्द वापरला आहे. मुळात ते चार वेगळे शब्द आहेत, आणि मराठीत त्यांच्यासाठी चार वेगळे शब्द सहज सापडतात: चर, गाड्यांचं कडं, तटाबाहेरचा परकोट आणि मेढेकोट (मेढी रोवून उभारलेलं कुंपण). हा फरक पक्का करून निघा, म्हणजे कुठे काय शोधायचं ते कळेल.

इस्रायलमध्ये भाड्याची गाडी हैफाला घ्यावी आणि यरुशलेमला सोडावी. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत बहुतेक भागात बस बंद असतात, त्यामुळे गाडी नसेल तर रविवारी सुरुवात करा. २०२३ पासून सुरक्षेची परिस्थिती सतत पालटते आहे. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा.

पहिला दिवस: मुहराका आणि तेल इज्रेल

कर्मेल डोंगराच्या आग्नेय टोकाला, दालियत अल-कर्मेल या द्रूझ गावाच्या पुढे, समुद्रसपाटीपासून ४८२ मीटरवर मुहराकाचा कार्मेलाइट मठ आहे. पाण्याने भिजवलेल्या एलीयाच्या वेदीवर वरून अग्नी उतरल्याचा १ राजे १८ मधला प्रसंग इथेच घडला, अशी परंपरा आहे. जुनी वेदी किंवा चर इथे नाही. इथे यायचं ते गच्चीसाठी. समोर इज्रेलचं अख्खं खोरं आणि पायथ्याशी कीशोन नदी दिसते. उन्हाळ्यात धुरकट असतं. हिवाळ्यात पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत स्वच्छ दिसतं. मठाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या आणि थोडे शेकेल रोख ठेवा.

गच्चीवर उभं राहून एक हिशोब जरूर करावा. एलीयाने बारा दगडांची वेदी रचली आणि भोवती 'दोन सिआ बी मावेल' एवढा चर खणला. सिआ म्हणजे साधारण ७ लिटर. चराची मापं वचनात नाहीत, म्हणून चार मीटर व्यासाचं कडं धरू. त्याची लांबी साडेबारा मीटर भरते. त्यात फक्त १४-१५ लिटर मावायचे असतील तर चर जेमतेम दोन बोटं रुंद आणि तेवढाच खोल होतो. पण पाणी तर चार घागरी, तीनदा, म्हणजे बारा घागरी ओतलं. घागर दहा लिटरची धरली तरी १२० लिटर होतात, आणि तेवढ्या पाण्याला वीतभराहून कमी, दहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल चर बरोबर पुरतो.

दुसरा अर्थ जमिनीचा आहे. 'दोन सिआ पेऱ्याची जागा' हे यहुदी परंपरेत क्षेत्राचं माप आहे: ५,००० चौरस हात, म्हणजे निवासमंडपाच्या (मोशेच्या काळातल्या उपासनेच्या तंबूच्या) अंगणाएवढी जागा. आपल्याकडेही पायलीच्या किंवा खंडीच्या पेऱ्यावरून शेत सांगायची पद्धत होती, त्यामुळे मराठी वाचकाला हा अर्थ चटकन पटतो. पण एवढ्या जागेभोवती चर खणायचा तर शंभर मीटरपेक्षा बरीच जास्त लांबी लागते, आणि बारा घागरींनी त्याचा तळही ओला होत नाही. म्हणून आमच्या मते इथे लहान चरच अभिप्रेत असावा. शिवाय कर्मेलवर चुनखडीवर मातीचा पातळ थर आहे आणि खडकाला भेगा आहेत. कित्येक महिने पावसाविना तापलेल्या अशा जमिनीत पाणी टिकवायचं तर ते झरझर ओतलं पाहिजे, नाहीतर तोंड भरेपर्यंत तळातून निम्मं जिरून जातं. वचनातही घागरी झाल्यावर चर पाण्याने भरल्याचा वेगळा उल्लेख येतो.

एलीया मराठी भाषकांना परका नाही. कोकणातले बेने इस्राएल यहुदी मलिद्याच्या विधीत एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे याच एलीयाचं, नाव घेतात आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण मानतात.

दुपारी खोऱ्यात उतरून अफुलाच्या दक्षिणेला तेल इज्रेलला जा. मुहराकाहून सरळ रेषेत हे अंतर साधारण २६ किलोमीटर भरतं. त्याच संध्याकाळी एलीया राजा अहाबाच्या रथापुढे धावत गेला तो याच दिशेने. इथे खरा खंदक आहे. डेव्हिड उसिश्किन आणि जॉन वुडहेड यांनी १९९० ते १९९६ या काळात इथे खोदकाम केलं, तेव्हा इ.स.पू. नवव्या शतकातला आयताकार कोट आणि त्याच्या तीन बाजूंना खडकात कोरलेला, किमान आठ मीटर रुंद कोरडा खंदक मिळाला. चौथ्या, उत्तरेच्या बाजूला डोंगर आपणच तुटून खाली खोऱ्यात उतरतो. तिथे खोदायची गरजच नव्हती.

इथे बहुतेकांची फसगत होते. खंदक जवळजवळ पूर्ण बुजलेला आहे. फलकाजवळ उभं राहून खड्डा शोधाल तर काहीच हाती लागणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत कमरेएवढं वाढतं आणि उरलासुरला उतारही झाकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत वाळल्यावर, दिवस मावळायच्या तासभर आधी या आणि दक्षिणेकडून चालत या. तिरप्या उन्हात कोटाबाहेर लांबट सावलीचा पट्टा दिसतो. तोच खंदक.

कोरडा खंदक कशासाठी? तट फोडायचा ओंडका चाकांच्या गाड्यावर येतो आणि गाड्याला सपाट जमीन लागते. आधी खंदक भरा, मगच गाडा पुढे जाईल; आणि भरणारा माणूस तटावरच्या धनुर्धाऱ्याच्या टप्प्यात असतो. तटाखाली सुरुंग खणणाऱ्यालाही खंदकाच्या तळाखाली जावं लागतं, तेही खडकातून.

दुसरा दिवस: लाखीश

दक्षिणेला बराच लांबचा प्रवास आहे, म्हणून पहाटे निघा. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने लाखीश हे यहूदाचं तटबंदीचं शहर घेतलं. तटापर्यंत पोहोचायला त्याने बांधलेली दगडांची चढण नैर्ऋत्य कोपऱ्यात आजही आहे; त्यात १३,००० ते १९,००० टन दगड गेले असावेत, असा अंदाज उत्खननकर्त्यांनी बांधला आहे. हल्ला याच कोपऱ्यात का झाला, हे बघायला चढणीच्या पायथ्याशी उभे राहा. बाकी बाजूंना दरी आहे. इथे मात्र टेकडी शेजारच्या डोंगराला खोगिरासारखी जोडलेली आहे.

मधल्या कांस्ययुगात लाखीशलाही खंदक होता. तो निकामी झाल्यावर वायव्येला, टेकडीच्या पायथ्याशी, त्यातच लोकांनी देऊळ बांधलं. १९३० च्या दशकात ते सापडलं तेव्हा त्याला नावच 'खंदकातलं मंदिर' असं पडलं.

सावली जवळजवळ नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या. पायात बूट हवेत, चढणीचे दगड सुटे आहेत.

तिसरा दिवस: यरुशलेम

लाखीशहून सन्हेरीबाचा अधिकारी रबशाके यरुशलेमला आला आणि 'वरच्या तळ्याच्या नळापाशी' उभा राहिला (२ राजे १८:१७). त्या नळासाठीचा हिब्रू शब्द 'तेआला' आहे. एलीयाच्या चरालाही हाच शब्द आहे. पाणी धरणारं किंवा वाहून नेणारं खोदकाम म्हणजे तेआला, मग ते वीतभर असो की अर्धा किलोमीटर.

दावीद नगरात, यरुशलेमच्या सर्वांत जुन्या भागात, राजा हिज्कीयाचा पाण्याचा बोगदा चालून बघा. लांबी ५३३ मीटर, वेळ साधारण चाळीस मिनिटं. गीहोन झऱ्यापाशी पाणी मांडीपर्यंत येतं, पुढे घोट्यापर्यंत उतरतं. काही ठिकाणी वाकून चालावं लागतं. चपला पाण्यात निसटतात, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, दोन्ही हात भिंतीला टेकायला मोकळे लागतात. अंधाराची किंवा कोंडल्या जागेची भीती असेल तर शेजारचा कोरडा, त्याहून जुना कनानी मार्ग घ्या. त्या पाटाचा बराच भाग वरून उघडा चर खणून, मग मोठ्या शिळांनी झाकलेला होता. हिज्कीयाचा मार्ग मात्र दोन्ही टोकांकडून पोखरत आणला. छिन्नीच्या खुणा एका ठिकाणी दिशा बदलतात, तिथे दोन्ही टोळ्या भेटल्या.

बाहेर आल्यावर प्रवेशद्वारासमोर रस्त्यापलीकडचं गिवाती उत्खनन बघा. डोंगराची ही धार उत्तरेला मंदिराच्या टेकडीला जोडलेली आहे. तीच कमजोर बाजू. तिथे किमान ९ मीटर खोल आणि ३० मीटर रुंद खंदक आडवा कापला होता, हे २०२४ मध्ये जाहीर झालं. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांना १९६० च्या दशकात याचा एक भाग दिसला होता, पण त्यांना ती नैसर्गिक दरी वाटली. इज्रेल, लाखीश, यरुशलेम, तिन्हीकडे शोधायची रीत एकच: जमीन कुठल्या बाजूने सलग जोडलेली आहे ते आधी बघा.

चौथा दिवस: मसादा किंवा यरीहो

दोन्ही एका दिवसात घाईचं होतं. लूक १९:४३ मधला ग्रीक शब्द 'खाराक्स' म्हणजे मेढेकोट. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीताने यरुशलेमभोवती घातलेला कोट ३९ स्टेडिया लांब होता, त्यात १३ गढ्या होत्या आणि तो तीन दिवसांत पुरा झाला, असं त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफसने लिहिलं आहे. तो आज दिसत नाही. तसाच वेढा डोळ्यांनी बघायचा असेल तर मृत समुद्राजवळच्या मसादा या डोंगरी किल्ल्याला जा. तिथे कातळ असल्याने रोमनांनी दगड रचले: साधारण ४ किलोमीटरची भिंत आणि आठ छावण्या, वरून नकाशासारख्या स्पष्ट. उन्हाळ्यात चालत चढायचं असेल तर सूर्योदयाआधी सुरू करा, नाहीतर सरळ केबल कार घ्या.

यरीहोला भाड्याची इस्रायली गाडी नेऊ नका, विमा बहुधा लागू होत नाही. पूर्व यरुशलेमहून बस किंवा सामायिक टॅक्सीने जा. परतताना नाक्यावर पासपोर्ट आणि विमानतळावर मिळालेली प्रवेशाची चिठ्ठी दोन्ही दाखवावे लागतात. इथला खडकात कोरलेला खंदक नवाश्मयुगातला आहे, सुमारे आठ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर खोल. तो बायबलमध्ये यरीहो जिंकणाऱ्या यहोशवाच्या काळाच्या हजारो वर्षं आधीचा आहे. गाईड दोन्ही एकत्र करत असेल तर विनम्रपणे तारीख विचारा. धातूचं एकही हत्यार नसताना तो खणला गेला. १९५० च्या दशकात केन्यन यांनी टेकडीच्या पश्चिम बाजूला घेतलेला खोल चर अजून उघडा आहे. त्याच्या काठावरून साडेआठ मीटर उंच बुरूज दिसतो. सकाळी अकराच्या आत पोहोचा, कारण ही जागा समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली आहे आणि दुपारी चराच्या काठावर उभं राहवत नाही.