ग्राझचं शस्त्रागार आणि घोडेस्वारांची पिस्तुलं

ऑस्ट्रियात बरेच जण व्हिएन्ना करून परत येतात, मी मात्र मुद्दाम ग्राझला गेलो, तिथलं झॉयगहाउस, म्हणजे जुनं शस्त्रागार, बघायला. हेरेनगासे हा ट्रामचा, दुकानांचा गजबजलेला रस्ता आणि तिथेच दाराशी मार्स आणि मिनर्व्हा या रोमन युद्धदेवतांचे पुतळे असलेली 1640 च्या दशकातली इमारत. तुर्कांशी लढणाऱ्या फौजेला इथून हत्यारं मिळायची. सगळं मिळून साधारण 32,000 नग, लाकडी मजल्यांवर रांगाच्या रांगा, म्युझियम वाटतच नाही, उद्या सकाळी फौज निघणारे असं वाटतं.

मला बघायची होती ती घोडेस्वारांची पिस्तुलं. तोड्याच्या बंदुकीला जामगी, म्हणजे वात, पेटती ठेवावी लागते, एका हातात लगाम असताना ते कसं जमणार? या पिस्तुलांत किल्लीने चाक पिळून ठेवायचं, चाप ओढला की चाक गरकन फिरतं, पायराइटच्या (गारेसारख्या खनिजाच्या) तुकड्यावर घासतं आणि ठिणगी पडते. म्हणजे भरलेलं पिस्तूल खोगिराला अडकवून कितीही वेळ फिरा! सोळाव्या शतकात जर्मन रायटर, म्हणजे पिस्तुलधारी घोडेस्वार, सगळ्या युरोपभर भाड्याने लढले ते या एका चाकाच्या जोरावर, असं माझं मत. फक्त घोड्यावर बसून परत भरणं महाकठीण, म्हणून प्रत्येकाकडे निदान दोन. पुढच्या रांगेने जायचं, झाडायचं, वळून मागे यायचं भरायला, मग पुढची रांग, याला म्हणायचे काराकोल.

1988-89 मध्ये याच कोठारातली पिस्तुलं पक्की बांधून 30 मीटरवरून झाडून बघितली होती आणि माणसाएवढ्या टार्गेटवर बहुतेक गोळ्या लागल्या. म्हणजे हत्यार चांगलंच होतं, पण धावत्या घोड्यावर हात कुठला स्थिर राहणार, त्यामुळे लांबून झाडलेली गोळी बहुतेक वायाच. 1587 मध्ये फ्रान्समध्ये कूत्राच्या लढाईत नव्हारचा राजा हेन्री याचे स्वार दाट फळी करून थांबले, शत्रू अगदी अंगावर येईपर्यंत पिस्तूल झाडलं नाही आणि मग तलवारी घेऊन घुसले. समोरची भालेवाल्यांची पातळ फळी फुटली, त्यांचा सेनापती ज्वायूझ मारला गेला.

वरच्या मजल्यावर गुडघ्यापर्यंतच्या चिलखतांसमोर मी बराच वेळ उभा होतो, हात लांब केला असता तर बोटं छातीच्या पत्र्याला लागली असती. त्या स्वारांना गोळी झाडायची होती ती जवळपास एवढ्याच अंतरावरून, आणि समोरच्याच्या हातातही पिस्तूल असायचं.