दोन विहिरींमधला खडक

जमिनीखालच्या वायुसाठ्याचे संगणकावर मॉडेल करणे, म्हणजे माझे काम, नेमके काय, असे पुण्यातले स्नेही विचारतात, तेव्हा मी त्यांना सोसायटीच्या बोअरची आठवण करून देते. कोथरूड असो वा बाणेर, एका बोअरला भरपूर पाणी लागते आणि भिंतीपलीकडच्या प्लॉटमध्ये दुप्पट खोल जाऊनही नुसती धूळ वर येते, कारण इथल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते आणि त्या भेगा वरून दिसत नाहीत. नैसर्गिक वायू बहुधा वालुकाश्मात किंवा चुनखडकात सापडतो, खोलीही पुष्कळदा काही किलोमीटर असते. पण दोन विहिरींच्या मध्ये काय आहे, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

उदाहरणादाखल २० किलोमीटर लांब, १० किलोमीटर रुंद आणि ६० मीटर जाडीचा साठा घेऊ. त्याचे ५० मीटर लांबी-रुंदीचे आणि १ मीटर जाडीचे सेल, म्हणजे ठोकळे, पाडले, तर ४८ लाख सेल होतात, आणि प्रत्येकाला सच्छिद्रता (खडकात पोकळी किती), पार्यता (त्यातून वायू किती सहज वाहतो) आणि पाण्याचे प्रमाण द्यावे लागते. १० उभ्या विहिरी खोदल्या, तर त्या जेमतेम ६०० सेलमधून जातात. बाकीच्यांसाठी सिस्मिक सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी मोजणे, मदतीला येते खरे, पण एवढ्या खोलीवर एकेक मीटरचे थर त्यात सहसा वेगळे दिसत नाहीत. उरते ते सगळे भूवैज्ञानिकाच्या जाणकारीवर आणि भूसांख्यिकीवर, म्हणजे मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधण्यावर, सोपवलेले असते.

प्रवाहाच्या समीकरणांबद्दल मला फारशी चिंता वाटत नाही. हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा जो नियम मांडला, तोच आजही सिम्युलेशनचा पाया आहे. विहिरीजवळ वायूचा वेग फार वाढतो, तिथे फोर्शहायमर यांची १९०१ ची दुरुस्ती जोडावी लागते. खरी अडचण त्या समीकरणात घालायच्या पार्यतेची आहे. समान जाडीचे १० थर एकावर एक आहेत असे समजा: ९ थर वालुकाश्माचे, १०० मिलिडार्सी (पार्यतेचे एकक) पार्यतेचे, आणि १ थर शेलचा, म्हणजे घट्ट चिकणमातीच्या खडकाचा, ०.०१ मिलिडार्सीचा. थरांना समांतर वाहणाऱ्या वायूसाठी या गठ्ठ्याची सरासरी पार्यता ९० मिलिडार्सी येते, तर थर ओलांडून उभ्या दिशेने जाणाऱ्या वायूसाठी अवघी ०.१ मिलिडार्सी. हा शेलचा थर सगळीकडे सलग पसरला आहे की शंभर मीटरवर संपला आहे, यावर वायूच्या खाली असलेले पाणी विहिरीत कधी शिरणार हे ठरते, आणि ते सलगपण विहिरीतून काढलेल्या, वीतभराहूनही अरुंद अशा खडकाच्या दंडगोल गाभ्यात दिसू शकत नाही.

पाण्याचा परिणाम दाबाच्या आलेखावर फार फसवा असतो. चारी बाजूंनी बंद असलेल्या साठ्यात दाबाला वायूच्या संपीड्यता-गुणकाने (खरा वायू आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणाऱ्या संख्येने) भागून ती संख्या एकूण उत्पादनासमोर मांडली, की बिंदू जवळजवळ सरळ रेषेत पडतात, आणि ती रेषा शून्यापर्यंत वाढवली की मुळात किती वायू होता ते कळते. बाजूचा जलधर, म्हणजे पाण्याने भरलेला खडक, दाब टिकवून धरत असेल, तर रेषेचा उतार कमी होतो आणि साठा आहे त्यापेक्षा मोठा भासतो. सुरुवातीचे मोजकेच बिंदू हाती असताना हे वळण डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय पाणी पुढे सरकते, तेव्हा छिद्रांत सुटे बुडबुडे अडकून मागे राहतात. म्हणून बंद साठ्यातून ८० ते ९० टक्के वायू निघू शकतो, तर जोरदार जलधर असलेल्या साठ्यातून पुष्कळदा ५० ते ७० टक्केच.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ या समुद्रातल्या वायुक्षेत्रांच्या गटाचे उदाहरण आपल्या देशात सर्वांना माहीत आहे. तिथल्या मुख्य क्षेत्रांतून एप्रिल २००९ मध्ये वायू येऊ लागला, रोज ८ कोटी घनमीटरचे उद्दिष्ट होते, २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या वर गेले आणि मग झपाट्याने घसरत फेब्रुवारी २०२० मध्ये थांबले. खोल समुद्रातल्या जुन्या प्रवाहमार्गांत साचलेल्या वाळूचा हा साठा होता. घसरणीला भूरचनेची गुंतागुंत आणि पाणी-वाळूचा शिरकाव कारणीभूत, असे गट चालवणाऱ्या कंपनीच्या बाजूचे म्हणणे होते. ठरल्याइतक्या विहिरी खोदल्या नाहीत, असे सरकारी बाजूचे, आणि तो वाद लवादापर्यंत गेला. त्यात निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मात्र अशा वाळूचे पट्टे एकमेकांना जोडलेले आहेत की तुटक आहेत, हे उत्पादन सुरू होण्याआधी छातीठोकपणे सांगता येत नाही, एवढे मी माझ्या कामावरून निश्चित म्हणेन.

म्हणूनच हिस्टरी मॅचिंग या टप्प्याकडे मी सावधपणे पाहते. मागची काही वर्षे मोजलेला दाब आणि उत्पादन मॉडेलमधून जसेच्या तसे येऊ लागले, की नवे सहकारी उत्साहाने येऊन सांगतात, "मॅडम, मॅच झालं." खडकात जी तूट असते, म्हणजे विभंग, त्याबद्दल मी विचारते, "मधला विभंग बंद धरलात की वाहता? उलटं धरून पाहिलंत का?" बहुतेक वेळा तेवढा बदल करून पार्यता थोडी हलवली, की दुसरे मॉडेलही तितकेच चांगले जुळते, आणि दोघांचे पुढच्या १० वर्षांचे अंदाज एकमेकांपासून खूप दूर जातात. माझे ठाम मत आहे की अहवालात अशी सगळी मॉडेले शेजारी-शेजारी दिली पाहिजेत. एकच रंगीत चित्र आणि एकच आकडा बैठकीत पटकन पटतो, पण त्यावर समुद्रातल्या महागड्या विहिरीचा निर्णय घेतला जातो.

यातली कोणती मॉडेले बाद करायची हे ठरवण्याचा एक साधा मार्ग असतो: कडेची एक विहीर काही दिवस बंद ठेवून दाब कसा चढतो ते मोजायचे. जवळपास अडथळा असेल, तर दाबाच्या आलेखात त्याची खूण उमटते. तेवढे दिवस त्या विहिरीतून विक्रीचा वायू मिळत नाही, म्हणून ही चाचणी वारंवार पुढे ढकलली जाते. तरीही आमच्या प्रत्येक अहवालाच्या शिफारशींत मी ती पहिल्या क्रमांकावर लिहिते, आणि तिच्यासमोर, ती झाली तर कोणती मॉडेले बाद होतील, तेही नोंदवते.