चिमीचे आमच्याकडचे पाच महिने

गेल्या श्रावणात माझ्या वकील मैत्रिणीचा फोन आला आणि तिने एका कुत्रीसाठी जागा मागितली. तिच्याकडे आलेल्या एक बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्याचे घर सोडायला तयार होत्या. निवारागृहात त्यांची व मुलांची सोय होत होती, पण कुत्रीला तिथे प्रवेश नव्हता, आणि "तू गेलीस तर हिला रेल्वेच्या रुळांवर बांधून येईन" असे नवऱ्याने त्यांना कितीदा तरी ऐकवले होते. त्या धमकीपायी त्या दोन वर्षे मार खात थांबल्या होत्या. घरात आरडाओरडा सुरू झाला की मुले जिच्या पाठीत तोंड खुपसून बसत, तिला मागे टाकून जाणे त्यांना जमत नव्हते, आणि मला ते अजिबात नवलाचे वाटले नाही.

नवरा कामावर गेलेला असताना गुजरातच्या १८१ 'अभयम्' या महिला मदतवाहिनीची गाडी बाईंना न्यायला आली आणि त्याच दुपारी चिमी बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी पोहोचली. आमचा पत्ता बाईंनाही सांगायचा नाही, हे आधीच ठरले होते, कारण जे ठाऊकच नाही ते कोणी दमदाटी करून वदवून घेऊ शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर तिचा फोटो नाही, आणि कमाटीबागेत फेरफटका तर नाहीच. मुले तिला तिथे रोज नेत असत आणि कोणीतरी तिला ओळखले असते. मी तिला पहाटे पाच वाजता मागच्या गल्लीत फिरवून आणीत असे, आणि मुलांसाठी मैत्रिणीमार्फत पाठवायचे फोटो कोऱ्या भिंतीसमोर काढीत असे. संध्याकाळी खाली एखादी स्कूटर येऊन थांबली की ती पलंगाखाली शिरे. ते थांबायला तीन महिने लागले.

ब्रिटनमधील 'डॉग्ज ट्रस्ट' ही संस्था २००४ पासून हेच काम 'फ्रीडम प्रोजेक्ट' या नावाने करीत आहे, आणि तिथेही सांभाळणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवतात. अमेरिकेत मेन राज्याने २००६ मध्ये संरक्षण आदेशात पाळीव प्राण्यांचा समावेश करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात, पीडित स्त्रीला जिच्याविषयी आस्था आहे अशा 'व्यक्ती'ला इजा करण्याच्या वारंवार दिलेल्या धमक्या हा भावनिक छळ मानला आहे, परंतु जनावर त्या शब्दात बसत नाही. स्त्रीधन किंवा तिच्या हक्काची मालमत्ता परत देण्याचा आदेश मात्र दंडाधिकारी देऊ शकतात, म्हणून मालकी दाखवणारा कागद जवळ असणे फार महत्त्वाचे ठरते. चिमीला लस कधी दिलेलीच नव्हती; आम्ही रेबीजची लस टोचून घेतली आणि डॉक्टरांकडून कार्ड बाईंच्या नावाने करून घेतले. जीवाला मालमत्ता म्हणावे लागते याचे मला वाईट वाटते, पण आज तरी तोच आधार हाताशी आहे.

पाच महिन्यांनी बाईंना नोकरी लागली आणि भाड्याची खोली मिळाली. चिमीला घ्यायला त्या मैत्रिणीच्या कार्यालयात आल्या, तेव्हा मी त्यांना प्रथमच पाहिले. धाकट्याने आधी तिचे कान चाचपून पाहिले, मग तो खाली बसला आणि तिच्या पाठीत तोंड खुपसले.

परवा मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. या वेळी दोन मांजरे आहेत, त्यामुळे मागच्या गॅलरीला जाळी बसवण्याचे काम सध्या सुरू आहे.