दुसरो पाय हाड

आषाढीला आमच्याकडून कोण निघणार? भाताची लावणी असते. म्हणून आमची दिंडी माघीची. त्या वर्षी मी सोळाचा होतो आणि गळ्यात दादाचे टाळ होते.

दादा लावणीतच गेला. टाचेला भेग, दिवसभर चिखलात उभा. लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात येतो नि अशाच भेगेतून आत शिरतो, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? तो होऊ नये म्हणून आशाताई डॉक्सीच्या गोळ्या घरी देऊन गेल्या होत्या. त्याच्या गोळ्या फळीवरच राहिल्या. साधा ताप म्हणून दोन दिवस काढले. सहाव्या दिवशी सगळं संपलं.

मग मी त्याच्या मित्रांत जाऊन बसायला लागलो, त्याचाच शर्ट घालून. हळूहळू ते माझ्यासमोर बोलेनासे झाले.

दिंडीत पखवाजवाल्या पोराची चाल दादासारखी, डावा खांदा जरा खाली. कुणकेश्वराच्या पुळणीवर पाय भिजवून निघालो तेव्हापासून मी त्याच्या मागे. चहाला तो थांबला की मी थांबायचो. शेवटी तो वळून म्हणाला, "माऊली, जरा पुढे व्हा ना." माऊली! म्हाताऱ्याला माऊली, पोराला माऊली, टेंपोवाल्यालाही माऊली. त्या शब्दाचा इतका राग आला की टाळ वाजवणं बंद केलं. तरी 'ज्ञानोबा-तुकाराम'चा गजर चढला की गळा दाटायचाच.

दुपारी सड्यावर लागलो. नुसता जांभा, सावली नाही. दगडी गडग्यांपलीकडे हापूस मोहोरलेला आणि फवारणीचा उग्र वास. उजव्या पायाला फोड आलेला, भेगा तडकलेल्या. दिंडी पुढे गेली, मी गडग्यावर बसून राहिलो.

बागेतून एक काकी आली. काही न विचारता पडवीत घेऊन गेली. सुई चुलीवर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि पाणी झिरपत राहावं म्हणून दोरा तसाच आत ठेवला. मग कोकमतेलाचा गोळा आणला. मुठीत वळलेला, बोटांचे ठसे तसेच. पळीत घालून निखाऱ्यावर वितळवला आणि थेंब थेंब भेगेत सोडायला लागली. चटका मस्तकात गेला.

"तुमी भावंडां किती?"

वर्षभर या प्रश्नाला मी 'एकटाच' म्हणत होतो. म्हणजे पुढे कुणी विचारत नाही.

"दोगे."

"दुसरो खय असा?"

"थोरलो. लावणीत गेलो. लेप्टोन."

देवाची इच्छा वगैरे ती म्हणाली नाही. पळी पुन्हा निखाऱ्यावर धरली.

"टाचेक भेग होती त्याच्या?"

"होती."

बराच वेळ तेल नुसतं कढत राहिलं. मग म्हणाली, "दुसरो पाय हाड." मी तो पुढे केला.

त्या पायाची एकेक भेग भरेपर्यंत मी रडलो. तिने रडू दिलं.

संध्याकाळी जामसंड्याला दिंडी गाठली, हरिपाठाला मागच्या ओळीत उभा राहिलो, टाळ वाजवले. पुढे नांदगाव, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर. दोरा कधी गळून पडला कळलं नाही.

पंढरपुरात रांगेतून आत गेलो. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवलं. गार, गुळगुळीत. टाचांकडे बघायला गेलो, तेवढ्यात सेवेकऱ्याने पुढे सरकवलं.