युरिया पोटॅशला आडवा येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दर रब्बीला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच: "मॅडम, गव्हाला पेरतानाच पोटॅश दिलं होतं. माती परीक्षणातही पालाश (म्हणजे पोटॅशियम) भरपूर निघालं. तरी युरियाचा हप्ता दिल्यावर खालच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. युरिया पोटॅशला आडवा येतो का?"

कडा करपणं ही पालाश कमी पडल्याची खूण. आणि हो, युरिया आडवा येतो, पण सगळीकडे नाही आणि कायमचा नाही. "युरियाच बंद करा" असा सल्ला कानावर आला की मला वाईट वाटतं, कारण नत्र तोडलं की गव्हाचे फुटवेच कमी होतात.

आपण नत्र एकाच गोणीतून देतो, पण मुळापाशी ते दोन रूपांत पोचतं. ओलीत पडलेल्या युरियाचं काही दिवसांत अमोनियम होतं. पुढे जमिनीतले जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. उबदार, वाफशावर असलेल्या जमिनीत हे साधारण दोन-तीन आठवड्यांत बरंचसं उरकतं. युरियाला निंबोळी तेलाचा थर असेल तर जरा जास्त वेळ लागतो. अमोनियमवर धन भार असतो, नायट्रेटवर ऋण. पालाशही धन भाराचा, आणि आकाराने अमोनियमच्या अगदी जवळचा. भांडण लागतं ते इथे.

हे भांडण समजून घ्यायला सातूच्या मुळांची फार मदत झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत एमॅन्युएल एपस्टाइन आणि त्यांचे सहकारी सातूची कोवळी रोपं कॅल्शियम सल्फेटच्या अगदी पातळ द्रावणावर वाढवायचे. दुसरं कुठलंच अन्नद्रव्य नाही, म्हणजे मुळं पालाशला भुकेलेली. ती कापून पालाशच्या कमीजास्त तीव्रतेच्या द्रावणांत थोडा वेळ ठेवायची आणि आत किती गेलं ते पालाशसारखाच वागणाऱ्या किरणोत्सारी रुबिडियमच्या खुणेवरून मोजायचं. 1963 साली त्यांनी दाखवलं की मुळाला पालाश घ्यायची दोन दारं आहेत. एक अरुंद, पण फार तत्पर: द्रावणात जेमतेम 0.02 मिलिमोलर (मिलिमोलर हे तीव्रतेचं माप) पालाश असलं तरी ते आपल्या निम्म्या वेगाने चालतं. दुसरं रुंद, पण त्याचं काम 1 मिलिमोलरच्या पुढे दिसू लागतं. पुढे या दारांमागची प्रथिनंही सापडली. अमोनियम अडवतं ते मुख्यतः अरुंद दार. रुंद दाराला त्याचा फारसा उपद्रव होत नाही.

आता तुमच्या अहवालातल्या "भरपूर" या शेऱ्याकडे पाहा. तो शेरा मातीच्या कणांना धरून असलेल्या पालाशचा आहे. मूळ पितं ते मातीतल्या पाण्यातून, आणि पालाश त्या पाण्यातून मुळाकडे फार हळू सरकतो. मूळ ओढत राहतं तसा त्याच्या भोवतीचा काही मिलिमीटरचा पट्टा रिकामा होत जातो. काळ्या जमिनीतसुद्धा त्या पट्ट्यात पालाश इतका उतरतो की कामाचं दार अरुंदच उरतं. नेमकं तेव्हा मुळाशी अमोनियमचा लोंढा आला की पीक अडतं. थंडीत जमीन गार असेल तर नायट्रेट व्हायला उशीर लागतो आणि हा अडथळा लांबतो.

नायट्रेटची तऱ्हा उलटी, आणि मला तीच सगळ्यात सुंदर वाटते. ऋण भाराचं नायट्रेट मुळातून वर पानाकडे निघतं तेव्हा तोल राखायला सोबत धन भार लागतो, आणि ती सोबत बहुतेक करून पालाशच करतो. पानात नायट्रेट वापरलं गेलं की त्यातला काही पालाश सेंद्रिय आम्लाबरोबर पुन्हा मुळाकडे उतरतो आणि नव्या नायट्रेटबरोबर परत वर चढतो. म्हणजे त्याच युरियाचं नायट्रेट झालं की ते पालाशला मदतच करतं.

भाताचं वेगळं. खाचरात पाणी साचलेलं असतं, प्राणवायू नसतो, त्यामुळे नत्र बराच काळ अमोनियमच राहतं. भाताला ते मानवतं, पण कोकणातल्या जांभ्या जमिनीत पालाश आधीच तुटपुंजा असतो. तिथे सगळं पोटॅश लावणीलाच संपवण्यापेक्षा थोडं पुढच्या हप्त्याला राखावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गव्हाला मात्र हेक्टरी 120:60:40 (किलो नत्र, स्फुरद, पालाश) ही शिफारस पाळा. त्यातलं 40 किलो पालाश पेरतानाच मुळांच्या पट्ट्यात पडू द्या, वर फेकू नका. युरिया एकदम न ओतता हप्त्याने आणि ओलीवर द्या. पाण्यात पालाश पुरेसा असला की रुंद दार चालू राहतं. सातूवरच्या अलीकडच्या प्रयोगांत तर पुरेशा पालाशने अमोनियमचा मुळांना होणारा त्रासही कमी झालेला दिसला आहे.

आणि 13:0:45 च्या (पोटॅशियम नायट्रेट, त्यात 45 टक्के पालाश) फवारणीबद्दल विचारता, तर ती जरूर करा, पण हिशोब ध्यानात ठेवून. एकरी 200 लिटर पाण्यात एक टक्क्याने 2 किलो खत जातं, म्हणजे 900 ग्रॅम पालाश. शिफारशीतलं जमिनीतून द्यायचं पालाश एकरी 16 किलो आहे.